खेळ किती आहे

शिरोली नाक्याच्या अलीकडं,
दोरीवरच्या कपड्यांना जिथं फौंड्रीचा वास लागतो,
तिथं आमचं गॅरेज.
पत्र्याखाली दोन गाड्या मावतात. तिसरी रस्त्यावर.

आनंदा चौगले साखर भरून जयगडला जातो.
म्हणाला, आंबा घाटात गाडी उजवीकडं ओढती.
ओढती म्हणजे कशी?
गोठ्याच्या वासानं म्हैस ओढती तशी.
दोन ठिकाणी दाखवून झालेलं.
एकानं स्टेअरिंग बॉक्स बदलला, दुसऱ्यानं टायरॉड एंड.
दोन्ही बिलं केबिनमधल्या देवाच्या फोटोमागं खोचलेली.

दस्तगीर वस्तादांनी टायर बघितला नाही,
त्यावरून हात फिरवला.
एकीकडून गुळगुळीत. उलटा फिरवला तर करवत.
"चा सांग," म्हणाले, आणि गाडीखाली गेले.

मी वर केबिनमध्ये.
डावीकडं. उजवीकडं. परत.
चाक हलायच्या आधी माझा हात
चार बोटं रिकामाच फिरायचा.
त्या चार बोटांत दोष कुठंतरी बसलाय,
आणि स्टेअरिंग धरणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.
खाली वस्ताद एकेका सांध्यावर तळहात ठेवत चाललेले,
पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉडची दोन्ही टोकं,
डोळे मिटून.
हे मला ठाऊक आहे, कारण एकदा मी वाकून पाहिलं होतं
आणि शिव्या खाल्ल्या होत्या.

"हितं न्हाई. हितंबी न्हाई.
त्या बिचाऱ्यानं घातलंय ते बेस घातलंय."

मग जॅक. ॲक्सलखाली लाकडी ठोकळे.
चाक जमिनीपासून वीतभर वर,
टायरखाली पहार घालून वस्तादांनी उचकटलं.
टक्.
"ब्रेक दाबून धर!"
ब्रेक दाबला की बेरिंगचा खेळ थांबतो,
किंगपिनचा थांबत नाही.
मी दोन्ही पायांनी पेडलवर उभाच राहिलो.
टक्.
खालून हसल्याचा आवाज आला.

पिन निघेना.
गॅस लावला, घण मारला, डिझेल सोडून जेवून आलो, परत घण.
आनंदानंही शर्ट काढून मारला.
साडेचारला निघाली, आणि कुणी बोलेना.
गुरांनी चाटून चाटून बारीक केलेल्या
मिठाच्या खड्यासारखी, एका अंगानं खाल्लेली.
बुश नव्हतंच.
बुशच्या जागी कोरडा, विटकरी भुगा.

वस्तादांनी नखानं खरवडलं.
चकचकीत काळ्या रंगाच्या थराखाली
ग्रीसचं निप्पल, पार बुजलेलं.
दर खेपेला कुणीतरी गन लावली असणार,
ग्रीस बाहेरच सांडलं असणार,
आणि फडक्यानं पुसून झालं असणार, ग्रीसिंग केलं म्हणून.

"कुठल्या गाढवानं रंगवलंय?" मी म्हणालो.
वस्तादांनी माझ्याकडं बघितलं.
"मीच," आनंदा म्हणाला.
"पासिंगच्या आदल्या रात्री. बॅटरीच्या उजेडात."
चहा आला तो कुणीच उचलला नाही बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात बुश रीम करून आणले.
पिन बोटानं आत गेली पाहिजे आणि आत गेल्यावर
बोटाला दाद देता कामा नये.
खाली थ्रस्ट बेरिंग. वर शिम.
अजून एक पातळ शिम.
सांध्यातून पिवळं ताजं ग्रीस बाहेर डोकवेपर्यंत गन मारली,
आनंदानं स्वतः, निप्पल आधी तीनदा पुसून.
मग टायरांना सुतळी धरून माप जुळवलं.

ट्रायलला पंचगंगेच्या पुलापर्यंत गेलो.
रस्ता सरळ, गाडी सरळ.
आनंदाचा हात मात्र जरा जरा वेळानं
डावीकडं कलायचा,
आणि गाडी बिचारी ऐकून डावीकडं जायची.

"सोड," वस्ताद म्हणाले. "आता ती ओढत न्हाई."

"म्हाईत हाय," तो म्हणाला,
आणि परत ओढली.